होळीआधीची मोजणी

माझ्या वडिलांना माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही. लोणखेड्याच्या घरी ओट्यावर बसून ते दर सुट्टीत एकदा तरी विचारायचे, "तू डॉक्टर नही, नर्स नही, मंग दवाखानामा तुन्हं काय काम शे?" मी समजावून सांगायचे. सरकारकडे आरोग्यासाठी ठरावीक पैसा असतो, बाबा. तो कुठे घातला तर जास्त माणसं जगतील, ते आम्ही मोजतो आणि सरकारला सांगतो. ते शांतपणे ऐकायचे, सुपारी कातरायचे आणि शेजारच्या काकांना सांगायचे, "पोरगी दवाखानाना हिशोब लिखस." झालं. एम. ए. अर्थशास्त्र, त्यावर परदेशातली पदवी, आणि गावात मी मुनीम.

माझ्या कार्डावर 'आरोग्य अर्थशास्त्र सल्लागार' असं छापलेलं आहे. वाचणारा कार्ड उलटं करून बघतो, मागे काही सोपं लिहिलंय का म्हणून. काम तसं अवघड नाही. सरकार एखाद्या कंपनीला नेमतं, कंपनी माझ्यासारख्यांना पाठवते. आम्ही गावोगाव फॉर्म भरून घेतो, पुण्यात बसून बेरजा करतो आणि शेवटी लिहून देतो: हे चालू ठेवा, हे वाढवा, हे बंद करा. 'बंद करा' हे दोन शब्द लिहायला आम्हाला अर्धं मिनिट लागतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, त्याचा पगार घेणारी आम्ही माणसं. तरीही हे काम कुणीतरी नीट करायला हवं असं मला अजून वाटतं, कारण ते नीट केलं नाही तर काय होतं, ते मी पाहिलंय. ते माझ्याच हातून झालं.

शेळ्यांवरून आठवलं. माझं डोंगरातलं पहिलं मोठं काम होतं, लोकांचा आजारपणावर किती खर्च होतो ते शोधायचं. तळोद्याहून जीप करून सातपुड्यात वर गेलो. एका घरात म्हाताऱ्याला विचारलं, गेल्या महिन्यात आजारपणावर काय खर्च झाला? दुभाष्याने पावरीत, तिथल्या बोलीत, विचारलं आणि उत्तर आणलं, काहीच नाही. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळालं. माझ्याबरोबरच्या मुलीने फॉर्मवर शून्य टाकलं. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली म्हातारी हसायला लागली. बडव्याला दिलेला बोकड कुठे गेला, असं तिने नवऱ्याला विचारलं. मग यादी सुरू झाली. गावचा देव बघणारा, औषधपाणी करणारा तो बडवा. त्याला एक बोकड, दोन कोंबड्या, मोहाची बाटली. त्यानेही उतार पडेना म्हणून जीप ठरवून तळोदा, तिथून परतीची जीप, बरोबर आलेल्या चौघांचं जेवण. मी शून्य खोडलं आणि समासात लिहिलं, 'एक बोकड'.

आठवड्याने पुण्याहून डेटा भरणाऱ्या पोराचा फोन. मॅडम, बोकड कुठल्या रकान्यात टाकू? मी म्हटलं, नवीन रकाना कर. तो रकाना पुढे फार गाजला. मुंबईत सादरीकरण केलं तेव्हा मोठमोठी माणसं मान डोलवत होती. काही वर्षं मी त्या वर्तुळात 'बोकडवाली मॅडम' होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मी खानदेशची, शेतकऱ्याची मुलगी, मला डोंगर कळतो, बाकीचे एसीत बसणारे, असा एक ताठा माझ्या बोलण्यात आला होता. तोच नडला.

तो प्रसंग अलीकडचा. वरच्या चार गावांत आरोग्य केंद्राला लागून एकेक खोली बांधलेली होती. कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, आम्ही सगळे तिला माहेरची खोली म्हणायचो. डोंगरात पाड्यापाड्याला रस्ता नाही. कळा सुरू झाल्या की बाईला झोळीत घालून दोन माणसं खांद्यावर बांबू घेऊन निघतात, आणि कधी वेळेवर पोचतात, कधी नाही. म्हणून दिवस भरत आले की बाईने आधीच खोलीत येऊन राहायचं. नवरा, सासू, आधीचं पोर, जे कोण येईल ते येऊ द्यायचं. स्वयंपाकीण दोन वेळा रांधते, आणि कळा आल्या की नर्स भिंतीपलीकडेच असते. कल्पना साधी आहे, फक्त दर महिन्याला पैसे लागतात.

सरकारला प्रश्न पडला होता की हे पैसे कारणी लागतायत का. बजेटच्या आधी अहवाल हवा होता. म्हणून पौषात टीम पाठवली आणि माघात मी स्वतः गेले. चारही खोल्या पाहिल्या. खाटा भिंतीला उभ्या केलेल्या, गाद्यांची गुंडाळी, स्वयंपाकीण उन्हात तूर निवडत बसलेली. सुमन सिस्टर म्हणून एक नर्स आहे, त्याच डोंगरातली, पावरी बोलणारी, नाशिकला शिकून परत आलेली. तिला मी विचारलं, गेल्या तीन महिन्यांत किती बायका राहिल्या? तिने रजिस्टर उघडून बोट ठेवलं. दोन. बाकी तीन खोल्यांची गतही तीच. आधीचे आकडे वर पोर्टलवर गेलेच नव्हते, कारण तिथे नेटवर्क नाही. मग मी तेच केलं जे माझ्या धंद्यात सगळे करतात. तीन महिन्यांचा आकडा घेतला आणि चारने गुणला.

तीन महिने गुणिले चार म्हणजे वर्ष. शाळेतल्या पोराला विचारा, तोही हेच सांगेल.

अहवालात मी लिहिलं, वापर नगण्य, खोल्या एक एप्रिलपासून बंद कराव्यात, रक्कम रुग्णवाहिकेकडे वळवावी. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. धाडसी शिफारस म्हणाले. मंत्रालयात ती मान्य झाली आणि तालुक्यांना पत्रं गेली. मी समाधानाने फाल्गुनात चार दिवस लोणखेड्याला माहेरी आले.

भावाच्या, दिलीपच्या उसाला तोड चालू होती, किंवा संपत आली होती. आमच्या शहाद्याकडच्या पट्ट्यात ऊस तोडायला डोंगरातल्या टोळ्या येतात. काही इथे थांबतात, बरेचसे पुढे गुजरातेत जातात. दिवाळी झाली की उतरतात, वावराच्या कडेला पाचटाच्या झोपड्या घालतात, आणि होळी जवळ आली की एक दिवस थांबायला तयार होत नाहीत. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार असतो, त्याला घरी पोचलंच पाहिजे. दिलीपचा शेवटचा फड तोडायचा राहिला होता आणि टोळीने सामान बांधायला घेतलं होतं. तो वैतागला होता. माझे वडीलही दर फाल्गुनात असेच वैतागायचे.

मी नि दिलीपची बायको मीना चहाची किटली घेऊन वावरात गेलो. एक टेम्पो उभा होता. त्यात पातेली, गोधड्या, दोन कोंबड्या, पोरं. टेम्पोच्या सावलीत जमना बसली होती. गेली तीन वर्षं आमच्याच वावरात येणारी पोरगी. पोट चांगलं मोठं. मीनाने तिला जुनी लुगडी दिली, बाळाला होतील म्हणून, आणि विचारलं, बाळंतपणाला कुठे जाशील? इथे राहा, शहाद्याला दवाखाना आहे. जमना हसली. तिच्या मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली, "होळी व्हई जाऊ दे. मंग सुमन सिस्टरनी खोलीवर जासू. पहिला पोऱ्या बी तठेच व्हयना."

खोलीवर. सुमन सिस्टरच्या.

मी किटली खाली ठेवली. मी टेम्पोकडे पाहिलं. जमनाशेजारी आणखी एक पोटुशी बाई होती. पलीकडे उसाच्या बांधावर तिसरी, पोराला पाजत होती. मी दिलीपला बाजूला घेतलं आणि खोल्यांचं सगळं सांगितलं. पौषात गेलो, माघात गेलो, खोल्या रिकाम्या, पाडे शांत. दिलीप दहावी नापास आहे. त्याने डोक्याचं फडकं सोडून घाम पुसला आणि इतक्या सहज म्हणाला की मला ते आजही झोंबतं.

"आक्का, तू त्यासले डोंगरमा मोजाले गयी. त्या तं बठा आठे व्हतात, आपला वावरमा."

ते सगळे इथेच होते. काखेत कळसा नि गावाला वळसा. ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, स्वतःसाठी केली हे त्या दिवशी कळलं. आणि मला माहीत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही. मी त्या टोळ्या बघत वाढले. त्या पोरांबरोबर पाचटात खेळले. दिवाळीला येतात, होळीला जातात, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. पण पुण्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसताना मी हे कुठेतरी बाहेर काढून ठेवत होते, चपलेसारखं. आमचं वर्ष मार्चला संपतं, म्हणून मोजणी पौषात. त्यांचं वर्ष होळीला फिरतं. बाया परततात फाल्गुनात, मोकळ्या होतात चैत्र-वैशाखात आणि पावसाळ्यात. आणि मी खोल्या बंद करायला सांगितल्या होत्या नेमक्या एक एप्रिलपासून. लाज वाटली. इतकी की मीनाला तिथेच सोडून मी चालत घरी आले.

संध्याकाळी साहेबांना फोन केला. अहवाल मागे घ्यायचाय म्हटलं. आधी त्यांना थट्टा वाटली. मग ते समजुतीच्या सुरात आले. अहवाल मान्य झालाय, मागे घेतला तर पुढचं काम मिळणार नाही, कंपनीचं नाव जाईल, आणि अशा गोष्टी पुढच्या वर्षीच्या फेरीत दुरुस्त करता येतात. मी म्हटलं, साहेब, ज्या बाईचं मी बोलतेय तिचं पोट पुढच्या फेरीपर्यंत थांबणार नाही. तुम्ही कंपनीचं बघा, मी माझ्या नावाने जाते. त्यांनी फोन ठेवला. मी चिडकी आहे हे त्यांना माहीत होतं, पण चिडून मी काही करते हे त्यांना नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तळोद्याची बस पकडली, तिथून जीपने वर. सुमन सिस्टर औषधांची खोकी मोजत होती. पत्र तिला पोचलं होतं. मी काही बोलायच्या आत तिने कपाटातून एक वही काढली. सरकारी रजिस्टर नव्हतं ते, तिची स्वतःची वही होती. तिच्यात महिने नव्हते. 'दिवाळीआधी', 'ऊसतोडीला गेले', 'होळीनंतर', 'पेरणी', 'इंदल' असे सणांचे नि कामांचे भाग पाडलेले, आणि प्रत्येक भागाखाली बायकांची नावं, पाडा, किती दिवस राहिली, मुलगा की मुलगी. 'ऊसतोडीला गेले' या भागाखाली दोन नावं. 'होळीनंतर'ची नावं पान भरून समासात गेलेली.

मला रागच आला. हे तू मला तेव्हा का नाही दाखवलंस, असं मी तिला जरा जोरातच विचारलं. तिने वही माझ्यासमोर सरकवली.

"मॅडम, तुम्ही तीन महिन्यांचं विचारलंत. मी तीन महिन्यांचं सांगितलं. तुम्ही घाईत होता."

आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला भांडताही येईना. मी त्या वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. बाकी तीन गावांच्या नर्सना गाठलं. एकीकडे अशीच वही, एकीकडे नुसती आठवण, एकीकडे स्वयंपाकिणीने भिंतीवर मारलेल्या कोळशाच्या रेघा. त्या रेघांचाही फोटो घेतला. आणि मुंबईची गाडी पकडली.

मंत्रालयातल्या ज्या अधिकाऱ्यांनी माझी शिफारस मान्य केली होती, त्यांच्या दाराबाहेर मी दोन दिवस बसले. बजेटचे दिवस, त्यांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी आत घेतलं. मी सरळ सांगितलं, माझं चुकलं. हे वाक्य त्या खोलीत फारसं कुणी उच्चारत नसावं, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं. वही, रेघा, उसाच्या टोळ्या, सगळं सांगितलं. ते बराच वेळ फोटो पाहत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या पहिल्या आकड्यावर मी विश्वास ठेवला. आता दुसऱ्यावर कशाला ठेवू?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ठेवू नका. खोल्या पावसाळ्यापर्यंत उघड्या ठेवा, तुमचा माणूस पाठवा आणि वैशाखात मोजा. मी बरोबर राहीन, फी घेणार नाही. त्यावर त्यांनी पहिल्यांदा हसून विचारलं, तुमच्या कंपनीला हे चालेल का? मी म्हटलं, कंपनी माझी राहिली असेल असं वाटत नाही. आणि नव्हतीच राहिली. परतीच्या गाडीत साहेबांचा मेल आला, अत्यंत सभ्य भाषेत.

खोल्या चालू ठेवायचं पत्र निघालं आणि तीन खोल्या वाचल्या. चौथी नाही. आपल्याकडे काही सुरू करायचं पत्र वर्षभर फिरतं, बंद करायचं मात्र दुसऱ्या दिवशी पाळलं जातं. चौथ्या गावात स्वयंपाकिणीला घरी पाठवून झालं होतं आणि खोलीत पोती रचून कुलूप लावलं होतं. ती पुन्हा उघडायची तर नव्याने मंजुरी, नव्याने नेमणूक. मी चैत्रात तिथे गेले. पाड्यापाड्यावर दुभाष्या घेऊन सांगत फिरले, की खोली बंद आहे, डोंगर ओलांडून सुमन सिस्टरकडे जा, तिथे जागा आहे. काही बाया गेल्या. काहींच्या घरच्यांनी मान डोलावली आणि ते गेले नाहीत. आठ-नऊ महिन्यांच्या पोटाने डोंगर ओलांडा असं सांगणारी मी कोण, हेही खरंच.

वैशाखात ठरल्याप्रमाणे मोजायला गेलो. मंत्रालयातून एक तरुण अधिकारी आला होता. सुमन सिस्टरची खोली पाहून तो दारातच थांबला. खाटा कधीच्याच कमी पडल्या होत्या, बाया जमिनीवर, नवरे ओसरीत, सासवा चुलीपाशी, खांबाला कोंबडी बांधलेली. कोपऱ्यात जमना होती, पाच दिवसांची मुलगी मीनाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. तिने मला ओळखलं. वावरवाली, असं शेजारणीला सांगितलं. मी त्या पोरीला हातात घेतलं आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मोजणी झाल्यावर, तो अधिकारी जीपकडे गेल्यावर, मी सिस्टरला चौथ्या गावाचं विचारलं. ती भांडी उचलत होती. तिने हात थांबवला.

"विचारणार असाल तर लिहूनही घ्या, मॅडम."

मी वही काढली. एक बाई, तिचं पहिलंच बाळंतपण. रात्रभर घरी वाट पाहिली, सकाळी झोळीत घालून निघाले. अर्ध्या वाटेवर, नाल्याच्या कडेला बाळंत झाली. बाई वाचली. बाळ वाचलं नाही. सिस्टरने बाईचं नाव सांगितलं, पाड्याचं सांगितलं. मुलगा होता, तेही सांगितलं. मी लिहिलं.

नवा अहवाल मी एकटीने, माझ्या नावावर दिला: तिन्ही खोल्या चालू ठेवा, चौथी उघडा. त्यात शेवटी एक परिच्छेद आहे, 'सल्लागाराची चूक' या मथळ्याचा. पौषात मोजणी का केली, चारने का गुणलं, चौथी खोली कशी बंद झाली, आणि नाल्याच्या कडेचं ते बाळ. बऱ्याच हितचिंतकांनी सांगितलं, एवढं कशाला, 'डेटाच्या मर्यादा' म्हण. आमच्या धंद्यात चुकीला असं गोंडस नाव द्यायची सोय आहे. मी नाही म्हटलं. मर्यादा डेटाची नव्हती. मी घाईत होते, आणि मला सगळं कळतं असं मला वाटत होतं.

आता माझं कार्ड तेच आहे, फक्त कंपनीचं नाव खोडलंय. कामं कमी झाली. जी येतात, त्यांत मी आधी एकच गोष्ट लिहून मागते: इथली माणसं घरी कधी असतात? ते ठरल्याशिवाय एक फॉर्म छापू देत नाही. लोक म्हणतात, बाई फार हट्टी आहे. असू दे.

चौथ्या खोलीची मंजुरी यायला पुढचा फाल्गुन उजाडला. दर महिन्याला मी त्या फायलीमागे होते, एवढ्या वेळा की तळोद्याच्या ऑफिसातला शिपाई मला पाहिलं की आधीच मान हलवायचा. शेवटी पत्र निघालं. मी स्वतः गेले. चंपाबाई, जुनीच स्वयंपाकीण, तिला परत घेतलं होतं. दोघींनी पोती बाहेर ओढली, जमीन सारवली, खाटा आडव्या केल्या. खालच्या रस्त्याने एक टेम्पो हळूहळू वर चढत होता, पातेली आणि माणसांनी भरलेला, आणि भोंगऱ्याच्या ढोलाचा आवाज कुठल्याशा पाड्यावरून येत होता.

चंपाबाईने डबे पुसून ओळीने मांडले आणि विचारलं, की या वेळी किती बायका येतील? तांदूळ किती मागवायचे, ते तालुक्याला आजच कळवायचं होतं. तुम्ही मोजणाऱ्या बाई ना, आकडा सांगा, म्हणाली.

माझ्या पिशवीत आकडा होता. चांगला, काळजीपूर्वक काढलेला. मी तो काढला नाही.

"होळी होऊ दे, चंपाबाई," मी म्हटलं. "मग मोजू. आज मागवता येतील तेवढे मागवा."